लहान महाविद्यालय आणि मोठे प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक समारंभात जीवशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी मला ‘विज्ञानाचे महत्त्व’ या विषयावर बोलावे असे सुचवले होते. हा विषय बोलणाऱ्याला सोपा असतो आणि ऐकणाऱ्याला जड जातो. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन विषय थोडा आखूड केला आहे. आपल्या आसपासच्या लहान महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणारे प्राध्यापक असतात. ते शिकवण्याव्यतिरिक्त आणखी काय करतात, काय करू शकतात, आणि त्याचा आपल्या मुलामुलींशी काय संबंध आहे, एवढेच आज सांगणार आहे.

हा विषय निवडण्याचे कारण तुम्हा सर्वांच्या घरात आहे. दरवर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो. ज्या घरात गुण कमी पडतात त्या घरात जवळजवळ मय्यत झाल्यासारखी शांतता पसरते. चार दिवसांनी कोणीतरी म्हणतो, ‘आता काय, बी. एस्सी.ला टाकू.’ हा ‘टाकू’ शब्द मी आयुष्यभर ऐकला आहे. प्रवेश घेऊ, शिकवू असे कोणी म्हणत नाही. जुना पाटा माळ्यावर टाकावा तसे मूल बी. एस्सी.ला टाकले जाते. मुलानेही ते ऐकलेले असते. मग पहिल्या दिवशी ते वर्गात येते तेच मान खाली घालून. अशा मान खाली घातलेल्या मुलांसमोर मी पुष्कळ वर्षे उभा राहिलो आहे. त्यांच्या वतीने आज बोलतो आहे असे समजा.

प्रथम एक साधी गोष्ट स्पष्ट करतो. शिक्षक जे शिकवतो ते बहुधा दुसऱ्या कोणी शोधलेले असते. बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे असते हे मी हजारो मुलांना सांगितले, पण ते मी शोधले नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न घ्यायचा, त्याचे उत्तर निसर्गाला विचारायचे, आणि ते अशा रीतीने विचारायचे की दुसऱ्या कोणीही तसेच विचारले तर त्याला तेच उत्तर मिळावे, याला संशोधन म्हणतात. त्यासाठी दर वेळी लाखो रुपयांची यंत्रे लागतात असे नाही. डोळे, वही, घड्याळ आणि चिकाटी एवढ्यावरही पुष्कळ काम होते.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. कुरआन शरीफमधल्या सुऱ्यांची नावे आठवा. एक सुरा मधमाशीच्या नावाची आहे, एक मुंगीच्या, एक कोळ्याच्या. बादशहा जहांगीर याने आपल्या रोजनिशीत सारस पक्ष्यांच्या एका जोडीची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या जोडीला त्याने लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. अंडी घातल्यापासून पिले बाहेर येईपर्यंतचे दिवस त्याने मोजून नोंदले. राज्यकारभाराचा व्याप असलेल्या माणसाला दिवस मोजायला वेळ मिळाला, मग आपल्याला का मिळू नये?

आता दोन पक्ष्यांच्या गोष्टी सांगतो. दोन्ही पक्षी तुम्ही वसईत पाहिलेले आहेत, आणि दोघांचीही मराठी नावे फसवी आहेत.

पहिली गोष्ट सुगरणीची. शेताकडेच्या ताडाला किंवा बाभळीला लटकणारी तिची घरटी तुम्हाला माहीत आहेत. सुगरण हे नाव बाईचे. त्यामुळे घरटे मादी विणते अशी आपली समजूत. या पक्ष्याचा मुळापासून अभ्यास आपल्या किनाऱ्यावरच झाला, अलिबागजवळच्या किहीम गावी, १९३० सालच्या पावसाळ्यात. अभ्यास करणारे होते डॉ. सालिम अली.

सालिम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती कोणती हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, ही हकीकत पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना माहीत आहे. पुढची हकीकत मात्र पालक विसरतात. अभ्यासात सालिम अलींचे मन रमेना. ते ब्रह्मदेशात धंद्यासाठी गेले. तेथून परतल्यावर मुंबईत दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. त्या वेळी सेंट झेवियर्स कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचे त्यांच्याकडे लक्ष गेले. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे त्यांचे नाव. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी या तरुणाची आवड ओळखून त्याला प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. मग सकाळी दावर कॉलेजात हिशेब आणि नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. धर्म वेगळा, देश वेगळा, विषयही वेगळा. ब्लॅटर झाडांचे अभ्यासक आणि मुलाला पक्ष्यांचे वेड. तरीही एका प्राध्यापकाने मूल ओळखले. स्वतः शोध घेणाऱ्या माणसाला दुसऱ्यातली शोधाची भूक लवकर कळते. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही सेंट झेवियर्स कॉलेजात आहे. वाळवून कागदावर चिकटवलेल्या त्या फांद्या पाहायला पुढचे कितीतरी अभ्यासक गेले. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव हे पुन्हा पुन्हा खंडाळ्याच्या डोंगरात फिरले आणि १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सुटीच्या दिवसांत आगगाडीने जाऊन येण्याजोगे ठिकाण, आणि त्यावर उभे राहिलेले काम.

सालिम अलींचा मार्ग पुढेही सरळ नव्हता. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्यांनी मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी केली. ते जर्मनीत जाऊन बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशांअभावी ती नोकरीच रद्द झालेली. म्हणून ते पत्नी तहमिना यांच्यासह किहीमच्या घरी राहायला गेले. तेथे जवळच सुगरणींची वसाहत होती. बेकारीच्या त्या महिन्यांत ते रोज घरट्यांसमोर बसून राहिले.

त्यांना काय दिसले? घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात, पसंत पडले तर त्यातली एक ते घरटे ताब्यात घेते. मग नर ते पुरे करतो. मादी अंडी उबवायला बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ साली हे निरीक्षण छापून आले आणि जगाच्या पक्षिशास्त्रात त्याची नोंद झाली. तोपर्यंत सुगरण पाहणारे लोक थोडे नव्हते. बसून, क्रमाने आणि लिहून पाहणारा मात्र हा पहिला ठरला.

दुसरी गोष्ट वेड्या राघूची. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून तारेसारखी दोन लांब पिसे निघालेला हा पक्षी विजेच्या तारेवर बसलेला असतो. झेप घेऊन उडता किडा पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. या येरझारांवरून लोकांनी त्याला वेडा ठरवले. तो मातीच्या बांधात किंवा कडेला बीळ कोरून आत अंडी घालतो.

पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात प्रा. मिलिंद वाटवे हे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. हे महाविद्यालय म्हणजे काही मोठी संशोधनसंस्था नव्हे. तेथेही तास असतात, परीक्षा असतात, पेपर तपासायचे असतात. वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वेड्या राघूविषयी एक प्रश्न विचारला. समोर शत्रू आहे एवढेच या पक्ष्याला कळते, की त्या शत्रूला आपल्या जागेवरून काय दिसते हेही कळते? प्रश्न लहान वाटतो, पण फार खोल आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची ताकद माणसाला असते, मोठ्या वानरांना असावी असे मानतात. एवढ्याशा पाखराला ती असेल असे कोणी धरून चालत नव्हते.

त्यांनी केले ते असे. बिळाजवळ माणूस उभा असला तर राघू चोचीत किडा धरून बाहेरच थांबतो, बिळात शिरत नाही, कारण शिरला तर बिळाचा पत्ता शत्रूला कळेल. इथपर्यंत सोपे आहे. मग त्यांनी माणसाला अशा दोन जागी आळीपाळीने उभे केले की बिळापासूनचे अंतर सारखेच राहील. एका जागेवरून बिळाचे तोंड दिसायचे, दुसऱ्या जागेवरून मध्ये आड आल्यामुळे दिसायचे नाही. राघूला माणूस दोन्ही वेळा दिसतच होता. तरीही बीळ जेथून दिसत नव्हते तेथे माणूस असला की पक्षी अधिक बिनधास्त आत जाऊ लागले. म्हणजे माणूस किती जवळ आहे एवढाच त्यांचा हिशेब नव्हता, त्याला काय दिसू शकते याचाही होता. हा निबंध २००२ साली ‘अॅनिमल कॉग्निशन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला, आणि त्यावर विद्यार्थ्यांचीही नावे होती. आपल्या मुलांच्याच वयाची, पदवीचा अभ्यास करणारी मुले.

या प्रयोगाला लागणारे साहित्य मोजा. पक्षी फुकट, बांध फुकट, माणूस स्वतःच. खर्च झाला तो वेळेचा आणि डोक्याचा.

आता मी मुलींच्या आईवडिलांकडे वळतो. डॉ. कमला सोहोनी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. माहेरच्या त्या कमला भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते नोबेल पारितोषिक मिळालेले सर सी. व्ही. रामन. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेचे दरवाजे इतर मुलींनाही उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवणाऱ्या त्या विज्ञानातल्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. बटाट्याच्या पेशींवर काम करताना श्वसनाशी संबंधित ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते हे त्यांनी दाखवले.

परत आल्यावर पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कशावर काम केले? कडधान्यांवर आणि नीरेवर. आपल्या वसईपासून डहाणूपर्यंत ताड आणि शिंदी आहेत. सूर्य वर येण्याआधी उतरवली तर ती गोड नीरा, उशीर झाला तर आंबून ताडी. नीरेतली जीवनसत्त्वे आणि लोह कुपोषित मुलांच्या आणि गरोदर बायांच्या उपयोगी पडू शकतात, असे त्यांच्या कामातून दिसले. केंब्रिजमध्ये शिकलेली बाई गरिबाच्या पेल्यात काय आहे ते तपासत बसली. संशोधनाचा विषय मोठा की लहान, हे त्या विषयाच्या किमतीवरून ठरत नाही.

आणखी एक नाव घेतो, डॉ. ओबैद सिद्दीकी. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यात जन्म, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे शिक्षण, पुढे ग्लासगोला संशोधन. १९६२ साली त्यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांनी निवडलेला प्राणी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. वसईची केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर ज्या बारीक माश्या घोंगावतात, त्याच फळमाश्या. ऊब वाढवली की लुळ्या पडणाऱ्या आणि गारवा मिळाला की पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या शोधून, मज्जातंतूंतून संदेश कसा जातो याचा त्यांनी मागोवा घेतला. नंतर माशीला वास आणि चव कशी कळते यावर त्यांनी अनेक वर्षे काम केले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१३ साली ते वारले. ज्या माश्या आपण फडक्याने हाकलतो त्यांच्यावर एक आयुष्य खर्ची पडले, आणि ते वाया गेले नाही.

पालकहो, आता आपल्या अंगणात या. सोपाऱ्याचे नाव अरब भूगोलकारांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथांत लिहून ठेवले. जहाजावरून आलेल्या परक्या माणसांनी आपला किनारा न्याहाळला. आपण त्याच किनाऱ्यावर राहतो, आपण किती न्याहाळतो?

खाडीकाठी तिवर आहे. तिची मुळे चिखलातून वर डोके काढतात, कारण चिखलात हवा नसते. तिच्या पानावर बोट फिरवून चाटून पाहा, खारट लागेल. पाण्यातले जादा मीठ ती पानावाटे बाहेर टाकते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तिवरांच्या राईंना संरक्षण देणारा निकाल दिला. पण कोणत्या खाडीत किती तिवर उरली, कोणती रोपे रुजतात, कोणती मरतात, हे मोजायचे कोणी? न्यायाधीश मोजणार नाहीत. जवळच्या महाविद्यालयातला प्राध्यापक आणि त्याची मुलेच मोजू शकतात.

आपल्याकडे पिंपांत पाणी भरून ठेवावे लागते. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. एका चाळीतली वीस पिंपे घ्या, दर रविवारी प्रत्येकात अळ्या आहेत का ते पाहा. झाकण असलेल्या आणि नसलेल्या पिंपांचा हिशेब वेगळा ठेवा, आणि जून ते नोव्हेंबर हे काम सोडू नका. हे कोणत्याही बी. एस्सी.च्या मुलीला घरी राहून करता येईल. त्याचा उपयोग तुमच्याच चाळीला होईल.

भातखाचरांतले बेडूक घ्या. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात. बेडूक किती किडे खातो आणि तो गेला तर शेताचे काय होते हे पुढे मांडणाऱ्यांत हुमायून अब्दुलअली होते. ते सेंट झेवियर्सचेच विद्यार्थी. प्राध्यापक नव्हते, पण कॉलेजात शिकलेले प्राणिशास्त्र त्यांनी जन्मभर सोडले नाही. १९८७ साली या निर्यातीवर बंदी आली. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होते, तुंगारेश्वरच्या जंगलात कोणते झाड कधी फुलते, मिठागरांवर हिवाळ्यात कोणते पक्षी उतरतात, असे प्रश्न आपल्या तालुक्यात जागोजाग पडले आहेत. काहींना वर्षे लागतील. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २०१६ साली फुलली, ती पुन्हा फुलली २०२४ साली. तिच्यावर काम करणाऱ्याला आठ वर्षे थांबावे लागते.

हे सर्व सांगताना तुमच्यापासून अडचणी लपवणार नाही. तसे केले तर मी भाषण करणारा ठरेन, शिक्षक ठरणार नाही. लहान महाविद्यालयांत पुष्कळ शिक्षक तासांप्रमाणे मानधनावर राबतात. त्यांना संशोधनाला वेळ कोठून मिळणार? सूक्ष्मदर्शक जुने असतात. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत, आणि बढतीसाठी त्यांत छापणारे लोकही आहेत. तेव्हा प्राध्यापकाच्या नावावर किती निबंध आहेत हे विचारू नका. कोणता प्रश्न घेऊन बसला आहात, हे विचारा. तो सांगताना त्याचा चेहरा खुलला तर मूल त्याच्या हाती द्या.

नुसत्या बी. एस्सी.वर लगेच चांगली नोकरी मिळते असेही मी म्हणणार नाही. पुढे एम. एस्सी. आहे, बी. एड. आहे, वैद्यकीय प्रयोगशाळेच्या तंत्राचे अभ्यासक्रम आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथ्या वर्षी संशोधनासह पदवीची सोय झाली आहे. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवली तर २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्याने देणे बंद झाले. ती सोय गेली याचे दुःख आहेच. पण नेटची वाट सर्वांना खुली आहे, आणि तिची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी लागते. विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा असते. तिच्यात भाग घ्या. बक्षीस मिळाले नाही तरी चार परक्या माणसांसमोर आपले काम उभे राहून सांगायची सवय लागते.

मुलींच्या बाबतीत एक विनंती. क्षेत्रभेटीची चिठ्ठी घरी आली की पुष्कळ पालक सही करत नाहीत. काळजी मला समजते, मीही मुलीचा बाप आहे. पण ‘नको’ म्हणण्याआधी स्वतः सोबत या. अब्बांना वेळ नसेल तर अम्मी येऊ दे, खाला येऊ दे. खाडीकाठची एक सकाळ तुम्हालाही आवडेल, आणि मुलीला काय दिसते ते तुम्हालाही दिसेल.

शेवटी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला थोडे जड जाते, पण आज सांगितली नाही तर केव्हा सांगणार?

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नवा असताना, माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील शिंपीकाम करत. मुलगी वर्गात बोलत नसे. वार्षिक वहीसाठी प्रत्येकाने एखाद्या प्राण्याचे निरीक्षण लिहायचे होते. बहुतेकांनी पुस्तकातून उतरवून आणले. तिने घरामागच्या मातीच्या बांधातले वेडे राघू निवडले होते. वेळा लिहिल्या होत्या, कोणता किडा आणला तेही लिहिले होते. एका पानावर एक वाक्य असे होते की, मी उघड्यावर उभी राहिले तर पक्षी तारेवरच थांबतो, आणि मी बाभळीमागे गेले की बिळात जातो. मी त्या पानाखाली ‘ठीक’ असे लिहून लाल शाईने सही केली.

पदवीच्या आधीच तिचे वडील मला भेटायला आले. म्हणाले, ‘सर, हिला पुढं शिकवू का? तुम्ही सांगाल तसं करतो.’ मला त्या दिवशी पेपर तपासायची घाई होती. मी म्हणालो, ‘हुशार आहे, पण या विषयाला पुढे काय आहे? तुमची परिस्थिती बघा.’ त्यांनी परिस्थिती बघितली. त्या वर्षी तिचे लग्न झाले.

२००२ नंतर कधीतरी गरवारे महाविद्यालयातल्या त्या प्रयोगाविषयी मी वाचले आणि मला ते पान आठवले. मुलीने जे लिहिले होते ते संशोधन नव्हते, हे मला माहीत आहे. एकदा दिसलेली गोष्ट म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. अंतर मोजायला हवे होते, पुन्हा पुन्हा पाहायला हवे होते, दुसऱ्या बिळांवर तपासायला हवे होते. पण हे सगळे तिला सांगायचे काम कोणाचे होते? माझे होते. प्रश्न तिने आणून माझ्या टेबलावर ठेवला होता, आणि मी त्यावर ‘ठीक’ लिहिले.

मध्यंतरी ती मला भेटली. आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी आली होती. ओळख दिली, सलाम केला, आणि विचारले, ‘सर, त्या बांधावर ते राघू अजून येतात का हो?’ मी तिला काय सांगणार? बांध केव्हाच सपाट झाला आहे, तेथे इमारती उभ्या आहेत. मी म्हणालो, ‘येतात बेटा, दुसरीकडे कुठेतरी येतात.’ तिच्या मुलाला मी कोणत्या प्राध्यापकाकडे पाठवले ते येथे सांगत नाही, पण या वेळी घाई केली नाही.

पालकहो, तुमचे मूल डॉक्टर झाले तर मला आनंदच आहे. झाले नाही तर त्याला कोठे ‘टाकू’ नका. त्याच्या वहीत काय लिहिले आहे ते एकदा वाचा. शिक्षक मित्रांनो, तुम्हीही वाचा, आणि ‘ठीक’ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला कोणी कोणतेही नाव ठेवले तरी त्यावर जाऊ नका. सुगरण नर निघतो आणि वेडा राघू शहाणा निघतो. तुम्ही कोण आहात हे अजून ठरायचे आहे, आणि ते ठरवण्याचे काम बरेचसे तुमच्याच डोळ्यांवर आणि चिकाटीवर सोपवलेले आहे.

अल्लाह आपल्या मुलामुलींना नफा देणारे इल्म देवो आणि आपल्या संस्थेच्या कामात बरकत देवो, अशी दुआ करतो. 

खुदा हाफिज. जय हिंद.